तंजावरच्या दरबाराचे नृत्य मराठी रंगमंचावर यावे

नागपूर शहराच्या पश्चिम अंगास अमरावती मार्गावर पसरलेली वाडी ही मालमोटारींचे तळ, गोदामे आणि जवळच्या आयुधनिर्माणीत राबणारी माणसे यांची वस्ती म्हणून ओळखली जाते; परंतु अशा श्रमजीवी वस्तीतही आपल्या मुलीने भरतनाट्यम शिकावे ही इच्छा सामान्य संसारातील आईबापांच्या मनात आता रुजली आहे, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत अलारिपूला किंवा तिल्लान्याला जो मान मिळतो तो पाहून कोणाही सहृदय माणसाला समाधानच वाटेल. या शिक्षणात एक उणीव मात्र राहून गेली आहे, आणि ती मराठी माणसाने मराठी माणसांजवळच बोलून दाखवावी अशी आहे. ज्या क्रमाने या मुली नाचतात तो क्रम ज्या तंजावरच्या दरबाराच्या आश्रयाने स्थिर झाला तो दरबार मराठ्यांचा होता, त्याचे दप्तर मोडी लिपीत लिहिले जात होते, त्याच्या राजाने नृत्यासाठी मराठीत पदे रचली होती; आणि यांतील एकही गोष्ट त्या मुलींच्या कानावर सहसा पडत नाही.

दरबारात जन्मलेले नृत्य दरबार संपल्यावरही कसे जगते आणि आपले कूळ कसे विसरत नाही, हे पाहावयाचे असेल तर युरोपातील बॅले या नृत्यप्रकाराकडे पाहावे. पंधराव्या शतकात इटलीतील फेरारा, मिलान, फ्लॉरेन्स आदी संस्थानांच्या दरबारांत सरदार-उमरावांना नृत्य शिकविणारे उस्ताद पदरी असत. दोमेनिको दा प्याचेन्झा आणि त्याचा शिष्य गुल्येल्मो एब्रेओ यांनी नृत्यावर शास्त्रीय ग्रंथ लिहिले. नर्तकाला स्मरणशक्ती हवी, जागेचा अंदाज हवा, तालाचे ज्ञान हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाचणारे स्वतः दरबारीच होते, आणि दरबारात वावरणाऱ्या माणसाने तलवार चालवावी, घोड्यावर बसावे, पत्र लिहावे, त्याचप्रमाणे त्याला नाचताही यावे ही अपेक्षा होती. पुढे १५३३ साली फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील कातेरिना फ्रान्सच्या राजपुत्राशी विवाहबद्ध होऊन गेली. राजमाता या नात्याने तिच्या हाती सत्ता आल्यावर इटलीतील ही हौस फ्रान्सच्या राजकारणाचे एक साधन झाली. धर्मयुद्धांनी पोखरलेल्या त्या राज्यात परस्परांचे गळे धरण्यास उत्सुक असलेल्या सरदारांना एका तालावर, एका आकृतीत, राजाच्या दृष्टीसमोर उभे करणे यात किती मोठा राजकीय हेतू साधत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

१५ ऑक्टोबर १५८१ रोजी पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्यालगतच्या पेती-बुर्बाँ या दालनात राणी लुईजच्या बहिणीच्या विवाहाप्रीत्यर्थ जो खेळ झाला त्याला बॅलेच्या इतिहासात आद्य स्थान दिले जाते. बाल्थाझार द बोज्वायो या मूळच्या इटालियन व्हायोलिनवादकाने त्याची योजना केली होती. सर्सी नावाच्या मायाविनीची कथा, काव्य, गायन, यंत्रांनी हलणारे देखावे आणि नृत्य ही सर्व एका सूत्रात ओवलेली, आणि स्वतः राणी आपल्या सख्यांसह जलदेवतांच्या वेषात कारंजाच्या रथावर बसून दालनात आलेली, असा तो प्रसंग रात्री सुरू झाला तो पहाटेपर्यंत पाच तासांहून अधिक काळ चालला. राजा एका टोकास उच्चासनावर बसला होता; बाकीचे प्रेक्षक तिन्ही बाजूंच्या सज्ज्यांतून खाली पाहत होते. वरून पाहणाऱ्याला जमिनीवर उमटणाऱ्या आकृती स्पष्ट दिसतात, म्हणून त्या नृत्यात वर्तुळे, चौकोन, त्रिकोण यांची गुंफण मुख्य झाली. आणि राजा ज्या दिशेला बसला होता ती दिशा नृत्याची दर्शनी बाजू ठरली. आजही बॅलेच्या शेवटी नर्तक गुडघा लववून जे अभिवादन करतात ते मूळचे या उच्चासनापुढचे अभिवादन होय.

नर्तकांच्या अंगावर काय होते, याचा विचार केल्यावाचून ही कथा अपुरी राहते. नृत्याचा पोशाख ही नृत्यावर मागाहून घातलेली झूल आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पोशाखाने पाऊल घडविले असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. सोळाव्या शतकातील दरबारी स्त्रीच्या कमरेखाली कड्यांवर ताणलेला, घंटेच्या आकाराचा घेरदार झगा असे. कमरेवर ताठ पट्ट्यांची आवळ काचोळी असे. गळ्याभोवती खळ दिलेल्या झालरीचे भले मोठे कडे असे. आणि या सर्वांवर जरतार, मखमल, मोती यांचा भार असे. अशा स्त्रीला वाकता येत नाही, हात अंगाशी घेता येत नाहीत, मान खाली घालता येत नाही. तिने ताठ राहावे, हात अंगापासून दूर व गोलाकार धरावेत, मस्तक उन्नत ठेवावे आणि पाऊल झग्याखाली न दिसता पाण्यावरून सरकल्यासारखे सरकावे, हेच तिचे नृत्य झाले. पुरुषाचा वेष याच्या उलट होता. आखूड फुगीर विजारीखाली त्याचा पाय तंग मोज्यात घोट्यापर्यंत उघडा दिसे, यास्तव पोटरी दाखविणे, पाय बाहेरच्या अंगास वळवून उभे राहणे, उडी मारून हवेत पाय हलविणे हा त्याचा विशेष झाला. कंबरेची तलवार आणि खांद्यावरचा झगा सावरीत ही चपलाई दाखवावयाची असे. १५८९ साली तोआनो आर्बो या टोपणनावाने एका वृद्ध धर्माधिकाऱ्याने छापलेल्या नृत्यग्रंथात पावान या संथ मिरवणुकीच्या नृत्याचे आणि गाल्यार्द या उड्यांच्या नृत्याचे जे वर्णन आहे ते वाचताना वेषाचा आणि पावलाचा हा संबंध पानोपानी जाणवतो.

पुढचा इतिहास त्वरेने सांगण्यासारखा आहे. १६५३ साली चौदा वर्षांचा चौदावा लुई रात्रीच्या बॅलेत उगवत्या सूर्याच्या सोनेरी वेषात नाचला. १६६१ साली त्याने नृत्याची शाही अकादमी स्थापन केली. त्याच्या पदरच्या प्येर बोशांने पायांच्या पाच स्थिती निश्चित केल्या, आणि त्या आज जगातील प्रत्येक बॅलेशाळेत पहिल्या दिवशी शिकविल्या जातात. १६८१ साली व्यावसायिक स्त्री-नर्तकी पॅरिसच्या सार्वजनिक रंगमंचावर आल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मारी कामार्गोने आपला झगा घोट्याच्या वर घेतला, कारण पुरुषांच्या उड्या तिला येत होत्या आणि त्या लोकांना दिसाव्यात अशी तिची इच्छा होती. मारी सालेने १७३४ साली लंडनमध्ये कड्यांचा झगाच टाकून देऊन साध्या मलमलीत नृत्य केले. कापड कमी झाले तसतसे पाऊल मोकळे झाले. १८३२ साली मारी तालिओनी पांढऱ्या तलम वस्त्रात, पायाच्या अंगठ्यांवर उभी राहून 'ला सिल्फीद' नाचली, तेव्हा दरबार केव्हाच मागे पडला होता. ताठ कणा, गोलाकार हात आणि बाहेर वळलेले पाऊल मात्र तसेच राहिले होते.

त्याच १८३२ सालच्या मार्च महिन्यात तंजावर येथे सरफोजीराजे भोसले दुसरे निवर्तले. हा केवळ कालाचा योगायोग आहे, परंतु दोन्ही बाजूंची तुलना करावयास तो सोयीचा आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी इसवी सनाच्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर हस्तगत केले, तेव्हा तेथे नायक राजांच्या काळापासून चालत आलेली नृत्यगायनाची समृद्ध परंपरा होती. आणि त्याही पूर्वीची साक्ष द्यावयास बृहदीश्वराच्या मंदिरात नृत्याच्या करणांची शिल्पे कोरलेली होती, त्यांपैकी एक्क्याऐंशी आजही मोजता येतात. तेव्हा हे नृत्य मराठ्यांनी निर्माण केले असे कोणी म्हणू नये. ते असत्य होईल. मराठी राजांनी केले ते असे की, हाती आलेली ती परंपरा त्यांनी परकी मानली नाही. शाहजीराजांनी तेलुगूत गेय नाटके रचली आणि मराठीतही नाटके लिहिली. तुळजाराजांनी 'संगीत सारामृत' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आणि सरफोजीराजांनी राज्य गेल्यावर विद्येचे राज्य उभारले.

राज्य गेल्यावर असे म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. १७९९ सालच्या तहान्वये कंपनी सरकारने मुलूख ताब्यात घेतला आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व नेमणूक एवढेच राहिले. श्वार्ट्‌झ या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा ठेवला, जगाचा भूगोल नृत्यगीतांतून सांगणारी 'देवेंद्र कुरवंजी' ही मराठी रचना केली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे मुत्तुस्वामी दीक्षितांचे शिष्य असलेले चार बंधू याच दरबाराच्या आश्रयास होते. अलारिपु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, जावळी, तिल्लाना हा जो क्रम आज वाडीपासून वॉशिंग्टनपर्यंत सर्वत्र पाळला जातो, त्याच्या मांडणीचे श्रेय परंपरा या चौघांना देते. बोशांने पॅरिसमध्ये जे काम केले त्याच जातीचे हे काम आहे, आणि ते तितकेच टिकाऊ ठरले आहे. वडिवेलूने व्हायोलिन हे परकीय वाद्य दक्षिणेच्या संगीतात रुजविण्यास मोठा हातभार लावला, हीही याच दरबाराच्या मोकळ्या हवेची देणगी.

सरफोजीराजांची स्वतःची कामगिरी मात्र महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. 'कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस' या नावाने त्यांच्या मराठी नृत्यरचना सरस्वती महालाने जपून ठेवल्या व पुढे छापल्याही. त्यांत निरूपणे आहेत. जयजय, शरणु, अलारु, शोल्लू, शब्द, वर्ण, पद अशा एकामागून एक येणाऱ्या रचना, आणि त्या सर्वांतून आरंभापासून मंगलापर्यंत एकच कथा पुढे सरकत जाते, ही त्यांची विशेषता होय. आजच्या प्रयोगात प्रत्येक अंग सुटे असते. एकात शिव, दुसऱ्यात कृष्ण, तिसऱ्यात विरहिणी. निरूपणात संपूर्ण संध्याकाळ एका कथेची असते. नृत्याच्या अंगांवर अखंड कथासूत्र चढविण्याची ही कल्पना मला या दरबाराची सर्वांत मौलिक कल्पना वाटते. युरोपात नोव्हेरने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या पत्रांत बॅलेने केवळ गिरक्या न दाखविता कथा सांगावी असा आग्रह धरला होता. तंजावरच्या राजाने तोच प्रश्न आपल्या भाषेत, आपल्या साधनांनी, कोणाचे अनुकरण न करता सोडविला.

येथेही राजाच्या आसनाची छाया नृत्यावर पडलेली आहे. जुन्या शब्दम्‌मध्ये राजाची स्तुती असून तिचा शेवट सलामाने होई, आणि नर्तकीचा तो सलाम हाताच्या एका विशिष्ट डौलदार हालचालीत बांधलेला असे. पोशाखाचेही तसेच. जुन्या छायाचित्रांत तंजावरच्या नर्तकी पायांत विजार, तिच्यावर गुंडाळलेले जरीचे लुगडे आणि पुढे सोडलेल्या निऱ्या अशा दिसतात. गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची जी अरमंडी या नृत्याचा पाया आहे, ती उघड विजारीवाचून मर्यादेने साधणे कठीण आहे. आपल्याकडे नऊवारीचा काष्टाही असाच उपकारक ठरला; लावणीतील लांब पाऊल आणि झपकन घेतलेली बैठक सहावारीत होऊच शकत नाही, हे लावणीची जाण असलेली कोणीही कलावंत सांगेल. आज भरतनाट्यमच्या मुली जो शिवलेला, पंख्यासारखा उलगडणारा वेष घालतात तो मात्र विसाव्या शतकाची निर्मिती आहे, आणि तिच्यात बॅलेचाही एक धागा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची रशियन बॅले-नर्तकी आना पाव्हलोव्हा हिच्याशी भेट झाली, तिच्या प्रेरणेने त्या प्रथम तिच्याच संघातील क्लिओ नॉर्दी हिच्याजवळ बॅले शिकल्या, आणि नंतर पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै या, तंजावरच्या चार बंधूंच्या घराण्यातील नट्टुवनारांकडे, म्हणजे नृत्यगुरूंकडे, वळल्या. १९३६ साली त्यांनी मद्रासच्या अड्यार भागात कलाक्षेत्र ही संस्था स्थापन केली आणि वेष, प्रकाशयोजना व रंगमंच यांची नवी शिस्त घालून दिली. अशा रीतीने इटलीच्या दरबारातून निघालेला आणि तंजावरच्या दरबारातून निघालेला असे दोन प्रवाह अड्यारच्या भूमीवर एकमेकांस मिळाले.

या दोन इतिहासांत एक अंतर आहे आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रान्सचा राजा स्वतः नाचला. तंजावरचा राजा रचीत होता आणि पाहत होता. नाचत होत्या त्या स्त्रिया, ज्यांना दरबार आणि देवालय या दोन्ही ठिकाणी मान होता पण संसाराची चौकट नव्हती. दरबार होता तोवर त्यांना नेमणूक, इनाम, शालजोडी मिळे. नागपूरचे तिसरे रघूजीराजे डिसेंबर १८५३ मध्ये औरस पुत्रावाचून वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले. तंजावरचे शिवाजीराजे १८५५ साली तसेच वारले आणि तेथेही तेच झाले. नागपूरच्या राजवाड्यातील हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात विकले गेले, ही व्यथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. तंजावरात वस्तूंबरोबर माणसेही निराश्रित झाली, त्यांच्याविषयी आपण बोलत नाही. त्यांतील काहींचा मार्ग मराठी संस्थानाकडेच वळला. १८८० साली तंजावरची राजकन्या लक्ष्मीबाई सयाजीराव गायकवाडांशी विवाहबद्ध होऊन चिमणाबाई झाली, तेव्हा गौरा आणि कांतिमती या नर्तकी आपल्या नट्टुवनारांसह बडोद्यास आल्या व संस्थानच्या चाकरीत राहिल्या. तंजोरकर हे आडनाव तेथे नृत्याशी जोडले गेले ते यामुळे. १९३४ साली मुंबई इलाख्यात आणि १९४७ साली मद्रास इलाख्यात देवदासींविषयीचे कायदे झाले. अन्याय दूर व्हावयासच हवा होता, परंतु त्या कायद्यांबरोबर जी लोकनिंदा आली तिने नृत्य शिष्टांच्या घरात पोचविले आणि ज्या स्त्रियांनी ते दोन शतके अंगावर वागविले त्यांनाच रंगमंचावरून खाली उतरविले. बालासरस्वतींसारखी, तंजावर दरबारातील पापम्मळची वंशज असलेली, एखादीच असामान्य कलावती त्या लाटेत ताठ उभी राहिली.

मराठीत या वारशाची दखल कोणीच घेतली नाही असे नाही. आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजीराजांची निरूपणे घेऊन वर्षानुवर्षे परिश्रम केले आणि 'तंजावूर नृत्यप्रबंध' या रूपाने ती रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात राहून तंजावरच्या मराठी रचनांचा अभ्यास व प्रयोग पुढे नेला. ही दोन नावे महाराष्ट्राने कृतज्ञतेने घ्यावीत अशी आहेत. परंतु मुंबई-पुण्यात झालेले हे कार्य विदर्भात कितीसे पोचले? ज्या नागपुरात भोसल्यांच्या राज्याची स्मृती अजून महालच्या वाड्यांतून वावरते, त्या नागपुरात भोसल्यांच्या दुसऱ्या एका शाखेने रचलेले मराठी नृत्यपद ऐकावयाचे म्हटले तर ते कोठे ऐकावे?

यावर दोन आक्षेप येतील. तंजावरची मराठी दाक्षिणात्य वळणाची, जुनी आणि आजच्या मुलांना अवघड आहे, हा पहिला. परंतु ज्या मुली तेलुगू आणि तमिळ पदांवर, अर्थ पाठ करून का होईना, सुंदर अभिनय करतात त्यांना दोनशे वर्षांपूर्वीची मराठी अवघड जाईल हे मला मान्य होत नाही. उलट पदाचा अर्थ कानातून थेट मनात उतरल्यावर चेहऱ्यावर जे उमटते ते पाठ केलेल्या अर्थाने उमटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मराठी राजांचे नाव पुढे करून तमिळ नट्टुवनारांचे आणि देवदासींचे श्रेय हिरावले जाईल. ही भीती रास्त आहे, आणि म्हणूनच मी मागतो आहे ती मराठी अभिमानाची नवी दवंडी नव्हे. राजाचे नाव जेथे छापले जाईल तेथे त्याच ओळीत चार बंधूंचे नाव छापले जावे, आणि नृत्याचा इतिहास शिकविताना गौरा, कांतिमती, पापम्मळ ही नावे मुलींच्या तोंडी असावीत. तेवढे पाळले तर श्रेय कमी होण्याऐवजी योग्य ठिकाणी वाटले जाईल.

आणि हे करणे नागपूरला विशेष सोपे आहे. केंद्र सरकारने देशात जी क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन केली त्यांपैकी दक्षिण मध्य क्षेत्राचे केंद्र नागपुरात आहे, तर दक्षिण क्षेत्राचे केंद्र खुद्द तंजावरात आहे. या दोन संस्थांनी मिळून प्रतिवर्षी एक मराठी निरूपण सिद्ध करावे, तंजावरचे वादक व नट्टुवनार आणि विदर्भातील नर्तकी यांनी ते एकत्र बसवावे, आणि त्याचा प्रयोग तंजावरात व नागपुरात व्हावा, यासाठी नव्या कायद्याची वा नव्या खात्याची आवश्यकता नाही. विदर्भ साहित्य संघाने त्या पदांची शब्दार्थासह एक स्वस्त पुस्तिका काढावी. नृत्यवर्ग चालविणाऱ्या शिक्षिकांनी परीक्षेच्या अभ्यासक्रमाबाहेर जाऊन, वर्षातून निदान एक शब्द व एक पद सरफोजीराजांचे बसवावे. आणि नागपूरचा प्रयोग झाला की दुसरा प्रयोग सुरेश भट सभागृहापुरता न ठेवता वाडी, हिंगणा, कामठी, कळमेश्वर येथे शाळेच्या पटांगणावर व्हावा. तिकीट लावू नये, आणि प्रयोगापूर्वी पंधरा मिनिटे कोणा जाणकाराने मुलांना साध्या शब्दांत सांगावे की हे पद कोणत्या दरबारात रचले गेले, ते कोणी बसविले, आणि ते प्रथम कोणत्या स्त्रियांनी नाचून दाखविले.